जाऊबाईंचा वर्ग आणि माझा ओटा

माझ्या मुलीला शिवणकाम शिकवावं, असं माझ्या जाऊबाईंनी एका रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना सांगितलं. भरताची वाटी पुढे सरकवत अगदी सहज म्हणाल्या, "गणित तिच्या बसचं नाही. उगाच पोरीचा जीव काढू नकोस. शिवणाचा क्लास लाव, हातात काही तरी राहील."

सासूबाई, सासरे, दीर, माझा नवरा, सगळ्यांनी ऐकलं. सगळे जेवत राहिले. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिचा घास हातातच राहिला. तिच्या समोर जाऊबाईंची मुलगी बसली होती, तीही आठवीत, त्याच वर्गात, आणि वर्गात पहिली. ती खाली मान घालून ताटातल्या मिठाशी खेळत राहिली.

शिवणकामाबद्दल मला आकस नाही. माझ्या आईने मशीन चालवूनच मला बी.एड. केलं. जाऊबाईंना हे चांगलं माहीत होतं. त्यामुळे एका वाक्यात त्यांनी मुलीला मारलं, मला मारलं आणि माझ्या आईलाही सोडलं नाही. मी ताटं उचलली, मोरीत बसून घासली आणि घासता घासता ठरवलं की याची परतफेड करायची. भांडायचं नाही. आमच्या घरात भांडणारी सून हरते.

आम्ही गावातल्या राजपुऱ्यात राहतो. खालच्या मजल्यावर आम्ही, वर दीर-जाऊ. जाऊबाई शनवारा भागातल्या एका मोठ्या खासगी शाळेत गणित शिकवतात, दोन्ही मुली त्यांच्याच वर्गात. गावात त्यांचं नाव आहे. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, असं पालक कौतुकाने सांगतात. मी बहादरपूरच्या सरकारी माध्यमिक शाळेत शिकवते, जिथे टाचणी पडली तर ती कोणी उचलली यावरून दहा मिनिटं वाद होतो. घरात जाऊबाईंच्या कामाला शिकवणं म्हणत आणि माझ्या कामाला नोकरी.

त्या रविवारनंतर मला पुतणीकडून कळलं की जाऊबाई वर्गात मुलांना मार्कांप्रमाणे बसवतात. दर चाचणीनंतर जागा बदलतात. पहिली आलेली पहिल्या बाकावर, आणि शेवटी भिंतीकडेचा एक बाक, तिथे कित्येक महिने माझी मुलगी एकटीच बसत होती. तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मम्मी, घरी त्या मोठी मम्मी आहेत आणि शाळेत मॅडम. मी कोणाची कम्प्लेंट कोणाकडे करू?"

 त्या दिवशी माझ्या मनातला राग थंड झाला, आणि थंड झालेला राग जास्त टिकतो, हे मला नंतर कळलं.

आधी मी स्वतःच तिला घेऊन बसले. ती माझी पहिली हार. मी समजावायची, ती मान हलवायची, "कळलं" म्हणायची आणि पुढच्याच गणितात अडायची. तिचं "कळलं" हे सुटका करून घ्यायचं होतं. चारपाच दिवसांत माझा आवाज इतका चढला की वरून जाऊबाईंनी गॅलरीत येऊन खाली बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. त्यांना वाटलं, बघा, हिला पण जमत नाही.

मग मला माझी शाळा आठवली. आमच्याकडे शिक्षक कमी. कित्येकदा दोन वर्ग एकाच वेळी सांभाळावे लागतात. मी एका खोलीत असताना दुसऱ्या खोलीतल्या मुलांनी काय करायचं, म्हणून मी त्यांचे चौघाचौघांचे गट पाडले होते. ट्रेनिंगमध्ये गट करा, मुलांना बोलू द्या, विचार करायला वेळ द्या, असं खूप सांगितलं होतं. मी तेव्हा मागे बसून मोबाईल बघत होते. पण नाइलाजाने करून बघितलं तेव्हा दिसलं की मुलं माझ्यापेक्षा एकमेकांचं जास्त ऐकतात. ज्याला कालच कळलंय, त्याला अजून आठवत असतं की काल आपण कुठे अडलो होतो. मोठ्या माणसाला ते आठवत नाही.

मी शेजारपाजारच्या तीन मुली बोलावल्या, सगळ्या जाऊबाईंच्या वर्गातल्या, सगळ्या मागच्या बाकांवरच्या. एकीच्या वडिलांचे गल्लीतच कापड विणायचे लूम आहेत, एकीच्या घरी केळीचे वेफर्स तळतात आणि तिसरी इतकी लाजाळू की शेजारी राहूनही तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझी मुलगी धरून चौघी. शाळा सुटली की त्या आमच्या दारापुढच्या ओट्यावर बसायच्या.

नियम मीच केले. एकीने समजावून सांगायचं. दुसरीने फक्त प्रश्न विचारायचे, कितीही बावळट वाटले तरी. तिसरीने चित्र काढायचं. चौथीने शेवटपर्यंत ऐकायचं आणि उठताना सांगायचं, की आज आपल्याला काय कळलं नाही. रोज कामं बदलायची. चूक झाली म्हणून हसायचं नाही.

पहिल्या दिवशी चौथं काम लाजाळू मुलीकडे होतं. तिने वहीची पानं मागेपुढे केली. मग म्हणाली, "काकू, मला हेच कळत नाही की मला काय कळत नाही."

मी म्हटलं, हे खरं बोलणं झालं, उद्या इथूनच सुरू करू.

त्यांच्या अडचणी माझ्या कल्पनेपेक्षा वेगळ्या निघाल्या. माझ्या मुलीचं घोडं कुठे अडलं होतं ते मला, तिच्या आईला, इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं. तीनला अर्ध्याने भागलं तर सहा येतात, हे तिच्या गळी उतरतच नव्हतं. भागलं की कमी व्हायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. शाळेत तिला अपूर्णांक उलटा करा, गुणा, एवढंच सांगितलेलं. ती उलटा करायची, गुणायची, मोठं उत्तर बघून घाबरायची आणि खोडायची.

तिच्या घाबरण्यावर इलाज केला तो लूमवाल्यांच्या मुलीने. ती म्हणाली, "हे बघ, तीन मीटर कापड आहे. मला अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे पाहिजेत. किती होतील?"

"सहा."

"झालं की मग. भागणं म्हणजे तुकडे किती, एवढंच विचारतायत. कापड थोडंच वाढलं?"

माझी मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच पाव मीटरचे, पाऊण मीटरचे तुकडे करून बघितले. त्या संध्याकाळी ती "कळलं" म्हणाली नाही. तिने मला बोलावून मलाच ते समजावून सांगितलं, आणि मी मुद्दाम न कळल्यासारखं केलं तर चिडली.

हे सगळं मी मुलीच्या भल्यासाठी करत होते, असं मी लोकांना सांगायचे. ते खरंही होतं. पण रोज मुली उठून गेल्यावर मी ओट्यावर पडलेले खडूचे तुकडे गोळा करायची तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर जाऊबाईंचा चेहरा असायचा. त्यांच्या शेवटच्या बाकावरून कोणीतरी उठून उत्तर देतंय आणि त्यांना बोलायला जागा उरत नाही, असं मी रंगवून रंगवून बघायची. भाजी चिरताना बघायची, बहादरपूरच्या ऑटोत बसल्या बसल्या बघायची.

मग एक दिवस पुतणी खाली आली. आधी म्हणाली, मम्मीने लोणचं मागितलंय. लोणचं दिलं तरी जाईना. शेवटी म्हणाली, "काकू, मी पण बसू का? मम्मीला नका सांगू."

मी विचारलं, तू तर पहिली येतेस, तुला काय गरज. तिचे डोळे भरून आले. म्हणाली की तिला सगळं पाठ आहे, पण गणित जरा फिरवून आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. आणि घरी विचारायची सोय नाही, कारण घरी विचारलं की मम्मी म्हणते, एवढं पण येत नाही?

मला तिची दया आली असं मी लिहू शकते. आली, थोडी. पण त्याआधी जे वाटलं ते वेगळंच होतं. बाईंची स्वतःची मुलगी माझ्या ओट्यावर शिकायला आली होती. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाहेर येऊन म्हटलं, बस.

ती गटातली पाचवी झाली. पहिले काही दिवस तिला फक्त सांगायची सवय, ऐकायची नाही. लूमवाल्यांच्या मुलीने तिला दोनदा अडवलं, "का ते सांग, नुसतं असं करायचं म्हणू नको." हळूहळू ती थांबायला शिकली. उत्तर देण्याआधी थोडी गप्प राहायला लागली. ते गप्प राहणं चांगलं होतं, घाबरलेलं नव्हतं.

ज्या दिवसाची मी वाट बघत होते तो आला तेव्हा मी तिथे नव्हते. मला मुलीने सांगितलं, आणि मी तिला ते चारदा सांगायला लावलं. जाऊबाईंनी वर्गात पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न घातला. साडेसात मीटर कापडातून पाऊण मीटरचे किती रुमाल निघतील? पहिल्या बाकांवर सगळे लिहायला लागले. मागून माझी मुलगी म्हणाली, "दहा."

जाऊबाईंनी विचारलं, कोणाचं बघितलंस? भिंतीकडेच्या बाकावर ती एकटी, बघणार कोणाचं? वर्गात दोघंतिघं हसले. त्यांनी तिला फळ्यावर बोलावलं. तिने रीत लिहिली नाही, तुकडे करून दाखवले. तीन मीटरमध्ये चार रुमाल, सहा मीटरमध्ये आठ, उरलेल्या दीड मीटरमध्ये दोन. जाऊबाई म्हणाल्या, ही पद्धत नाही, पुस्तकात आहे तसं कर.

तेव्हा पहिल्या बाकावरून त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली. "मॅडम, मला हीच पद्धत समजते. पुस्तकातली फक्त पाठ आहे."

जाऊबाईंनी तिला, हे कुठे शिकलीस, म्हणून विचारलं. ती खोटं बोलली नाही. काकूंच्या ओट्यावर, म्हणाली.

त्या संध्याकाळी जाऊबाई जिना उतरून खाली आल्या. मी गॅसवर वांगी भाजत होते. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू माझ्या मुलीला माझ्याविरुद्ध शिकवतेस."

मी वांगं फिरवलं. म्हटलं, "ताई, मी कोणालाच शिकवत नाही. त्या पोरी एकमेकींना शिकवतात. मी नुसता ओटा झाडते."

"भर वर्गात माझी काय इज्जत राहिली?"

"माझ्या मुलीची रोज जेवढी राहत होती, तेवढीच." मग जे इतके दिवस साठवलं होतं ते बोलले. "आणि तुमचं शिकवणं एवढं चांगलं आहे, तर तुमच्या मुलीला जिना उतरून खाली का यावं लागतं?"

त्या मागे वळल्या. वर गेल्या. वांगं जळालं होतं. मी ते तसंच सोललं आणि मला त्या दिवशीच्या भरतासारखं भरीत पुन्हा कधी लागलं नाही.

पुतणीचं खाली येणं बंद झालं. पण तिला जिन्यात बसायची मनाई कोणी केली नव्हती. ती मधल्या पायरीवर येऊन बसायची आणि चौघी ओट्याच्या टोकाला सरकायच्या. गल्लीत लूमची खटखट चालू असायची, त्यामुळे मोठ्याने आणि नीट बोलावं लागायचं. अर्धवट वाक्य पायरीपर्यंत पोचायचंच नाही. त्यामुळे त्या पोरींचं समजावून सांगणं इतकं स्वच्छ झालं की मला हेवा वाटायला लागला. जाऊबाई वरून ऐकत असणार, हे मला माहीत होतं. मी कोणाला आवाज कमी करायला सांगितलं नाही.

वार्षिक परीक्षेत चमत्कार वगैरे झाला नाही. माझी मुलगी मधल्या बाकांवर आली. लाजाळू मुलगी पास झाली, ज्याची तिच्या घरी कोणाला आशा नव्हती. पुतणी दुसरी आली आणि रडली नाही.

उन्हाळ्यात जाऊबाईंच्या शाळेच्या प्राचार्यांचा फोन आला. वेफर्सवाल्यांनी त्यांच्यापाशी माझ्या ओट्याचं बोलणं काढलं होतं. शाळा उघडायच्या आधी शिक्षकांसाठी एक दिवस द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी विचार करून सांगते असंही म्हटलं नाही. लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं असेल, किती उत्साही बाई आहेत. मला फक्त एवढंच दिसत होतं की त्या बाकांवर जाऊबाई बसणार आणि फळ्याशी मी उभी असणार.

त्या आल्या. इस्तरीची साडी, वही, पेन, सगळं व्यवस्थित. मी शिक्षकांचे गट पाडले आणि कामं वाटली. जाऊबाईंना मी चौथं काम दिलं. शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की आपल्याला काय कळलं नाही. गेली कित्येक वर्षं ज्या बाई "एवढं पण येत नाही?" म्हणत आल्या, त्यांच्या तोंडून मला ते ऐकायचं होतं. मी घरी आरशासमोर सराव केला होता की त्या टाळाटाळ करायला लागल्या तर मी काय बोलेन.

वेळ आली. त्या उभ्या राहिल्या. हातातलं पेन बंद केलं, उघडलं. 

"ऋण गुणिले ऋण धन का होतं, हे मला कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आजचं नाही म्हणत मी. कधीच कळलं नव्हतं. मला असंच सांगितलं, मी तसंच पुढे सांगत आले. कोणी विचारू नये म्हणून वर्ग शांत ठेवला."

मी जे वाक्य पाठ करून गेले होते ते कुठे वापरावं, मला समजेना. त्यांच्या गटातला एक नवा, तरुण सर म्हणाला, मॅडम, टाकीचं घेऊन बघू या का? टाकीतून दर मिनिटाला दोन बादल्या पाणी जातंय, म्हणजे ऋण दोन. जाऊबाई त्याचं ऐकता ऐकता थांबल्या, मग स्वतःच फळ्याकडे गेल्या. "आणि तीन मिनिटांपूर्वी, म्हणजे ऋण तीन," त्या बोलत बोलत लिहायला लागल्या, "तेव्हा टाकीत आतापेक्षा पाणी किती जास्त असेल? सहा बादल्या. जास्त. म्हणजे धन." खडू हातात धरून त्या फळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी तसा आनंद बघितला नव्हता, मुलीच्या पहिल्या नंबराच्या दिवशीही नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना खाली पाडायला गेले होते आणि टाळ्या त्यांना पडल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. कोणीतरी मलाच फसवल्यासारखं वाटत होतं.

घरी आम्ही बरोबरच चालत निघालो. ऊन तापलं होतं. शनवारा मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "ते काम तू मला मुद्दाम दिलंस."

"हो."

"मला वाटलंच."

मी म्हटलं, ताई, माझ्या मुलीची माफी मागा. जिथे तिला एकटं बसवलंत तिथे, वर्गात. त्या काही वेळ पदराने मान पुसत चालत राहिल्या. मग म्हणाल्या, शाळेत सगळ्यांसमोर मला माहीत नाही म्हणणं एक वेळ जमलं, पण माफीचं जमणार नाही. मी म्हटलं, मग माझंही विसरणं जमणार नाही. एवढं बोलून आम्ही घरापर्यंत चालत आलो. दारात त्यांनी माझ्या हातातली जड पिशवी घेतली आणि आत ठेवून वर गेल्या.

शाळा उघडल्यावर मुलीने सांगितलं की मार्कांप्रमाणे बसवणं बंद झालं. चौघांचे गट केलेत, दर महिन्याला बदलतात. तास संपायच्या आधी पाच मिनिटं मॅडम स्वतः विचारतात, आज काय कळलं नाही? पहिल्या दिवशी कोणी बोलेना तेव्हा त्यांनी आपलं स्वतःचं सांगितलं. शेजारच्या वर्गाच्या बाई गोंगाटाची तक्रार करतात. मुलीला हे सगळं आवडतं. मी तिला विचारलं, मोठ्या मम्मीने तुला काही म्हटलं का? ती म्हणाली, "मम्मी, जाऊ दे ना यार. तू अजून तिथेच आहेस?"

आहे. मुलांचं भलं झालं हे मला दिसतं. ते माझ्याच सुडातून झालं, हेही दिसतं. पण मला जे हवं होतं ते मिळालेलं नाही आणि मी ते मागणं सोडलेलं नाही.

आता पुतणी ओट्यावर उघड येते. कधी कधी तिच्या मागोमाग जाऊबाईही उतरतात. नववीच्या पुस्तकातलं काही घेऊन मुलींच्या घोळक्यात बसतात, विचारतात, ऐकतात. लूमवाल्यांची मुलगी त्यांनाही अडवते आणि त्या अडू देतात. मी चहा आणते. आधी मुलींना देते, मग शेजारच्या आजी आल्या असतील तर त्यांना, मग स्वतःचा कप भरते, आणि सगळ्यांत शेवटी उरलेला जाऊबाईंना. तोपर्यंत तो कोमट झालेला असतो. त्या काही न बोलता पितात, कप स्वतः विसळून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.